पिठाची कॅप्सूल

ब्राह्मीने मनाची चिंता खरंच कमी होते का, याची चाचणी घाटकोपरच्या एका दवाखान्यात चालली होती. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय, ते गुपित. मीही त्यात होतो. तपासणीसाठी रक्त द्यायला गेलो की बाकावर एक काका असायचेच. कॅप्सूल नखाने उघडून जिभेवर ठेवायचे आणि नर्सकडे संशयाने बघायचे.

“ब्राह्मी कडू असते. ही गोडसर! मला पीठच देतायत,” एकदा ते कुजबुजले. “पण झोप झकास लागते हो. बोलू नका कुठे, बंद करतील.”

घरी जाऊन मी माझी चाखली. कडूजहर! आणि झोपेचा पत्ता नाही.

पुढच्या खेपेला मी हळूच विचारलं, “काका, डबी बदलायची का?”

नर्सकडे बघायचे तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डबी खिशात घातली.