बाबांचं भाषण मी कापलं

माझ्या सुरुवातीच्या सगळ्या नाटकांत बंगला असायचा. बंगल्यात जिना, जिन्यावरून उतरणारा खलनायक आणि खाली रडणारी नायिका. मी आसगावजवळच्या गावात धानाची शेती करणारा माणूस. असा जिना कधी चढलोही नव्हतो. पण दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते; तिथल्या नाटकाला लोक लांबून येतात, त्यांना त्यांच्याच घरासारखं घर काय दाखवायचं, असं मला वाटे.

मग माझी धाकटी बहीण सासर सोडून आली.

धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. दुपारी ती पवनीच्या बसमधून उतरली, हातात एकच पिशवी. बाबा घरापुढच्या छपरीत दोर वळत बसले होते. "मी आता परत जात नाही," एवढंच ती म्हणाली. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबांनी दोर बाजूला ठेवला, आत गेले आणि मधल्या खोलीतली आपली खाट उचलून छपरीत आणून टाकली. मग म्हणाले, "हात-पाय धू. जेवून घे."

त्या दिवसापासून मधली खोली बहिणीची झाली. बाबा थंडीतही बाहेरच झोपत. का आलीस, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही. ते तिनं आपणहून आईला सांगितलं, आणि पुढे कागदोपत्री सगळं रीतसर मोकळं झालं.

मंडईचं नाटक लिहायला बसलो तेव्हा बंगला काही केल्या डोळ्यांपुढे येईना. खाटच दिसायची. बहीण धानाच्या बांधीत निंदण करत होती, तिथे जाऊन मी विचारलं, "तुझं लिहू का?"

तिनं हातातलं तण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकलं. "लिही. पण मले रडवू नको. मी रडली नव्हती."

मी लिहिलं. रंगमंचावर आमचीच छपरी आली, आमचाच माठ. पण जुनी खोड जाईना. बापाच्या तोंडी मी लांबलचक भाषण घातलं: लेकीचं दुःख, समाजाचा दोष, सगळं. बापाचं काम राइस मिल चालवणाऱ्या आमच्या गाववाल्याकडे होतं. त्याला ते भाषण इतकं आवडलं की मिलच्या घरघरीत तो ते ओरडून पाठ करायचा.

समाजमंदिरातल्या तालमीला एकदा बहीण येऊन बसली. घरी परतताना म्हणाली, "दादा, हा कोणाचा बाप आहे?"

"आपलाच."

"आपला बाप एवढा बोलते कधी?" थोडं चालून ती म्हणाली, "तो एवढा बोलला असता ना, तर मी उलट्या पावली परत गेली असती. मले वाटलं असतं, हा मले नाही, गावाले ऐकवून राहिला."

दुसऱ्या दिवशी मी भाषण कापलं. मिलवाल्याचं बिनसलं.

"काहून काढलं? टाळी त्याच्यातच होती."

"तुम्ही फक्त खाट उचला."

"अन् बोलू काय?"

"हात-पाय धू. जेवून घे."

"एवढ्यासाठी मी दाढी वाढवून राहिलो काय?" असं म्हणून तो घरी निघून गेला. पण तालमीला पुन्हा आला.

प्रयोगाला मांडव भरला होता. बाबा पुढेच पोतं अंथरून बसले होते. मिलवाल्यानं खाट उचलली आणि ती मंचावरच्या दाराच्या चौकटीत अडकली. तालमीत असं कधी झालं नव्हतं. त्यानं घाई केली नाही; खाट आडवी केली, हळूच बाहेर काढली, टेकवली आणि ते वाक्य म्हटलं. मांडवात आवाज नाही. मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बरं केलं बुढ्यानं." ते सगळ्यांना ऐकू गेलं. टाळी पडली नाही, पण त्यानंतर नाटक संपेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

आम्ही सगळे मिळून घरी निघालो. वाटेत बाबा म्हणाले, "खाट दारात अडकते, हे खरं आहे. मी आधी खाटेचे पाय बाहेर काढले होते." बहीण मागून हसली. आईही हसली.

पुढे आजूबाजूच्या गावांनीही ते नाटक बोलावलं. भाषण आपणच काढायला लावलं, असं मिलवाला आता धान घेऊन येणाऱ्यांना सांगतो. मी त्याला अडवत नाही.

बहिणीनं शिलाई मशीन घेतलं आहे. गावातले ब्लाउज शिवते आणि नाटकाचे कपडेही. सध्या धुऱ्यावर तूर फुलली आहे आणि मी नवं नाटक लिहितो आहे. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची मला सवय आहे. मधूनच आतलं मशीन थांबतं आणि ती विचारते, "असं कोण बोलते?" मग आम्ही दोघं वाद घालत बसतो, चहा होईपर्यंत.