दुसरी गोळी

नागाव सोडलं तेव्हा टेम्पोत गाद्या, मिक्सर आणि होमस्टेच्या जादा उशा होत्या, आणि माझ्या पर्समध्ये तीन वर्षांच्या लेकीच्या, सायलीच्या गोळ्या. सासूबाई ओटीवर उभ्या होत्या. "जावा. पोरीला जपा," एवढंच म्हणाल्या. लोकांना सांगितलं की मुलांचा डॉक्टर जवळ हवा म्हणून जातोय. खरं कारण त्या होत्या.

सायलीला तापात दोनदा झटके आले होते. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बहुतेक मुलांचे पाच-सहा वर्षांपर्यंत थांबतात. नुसतं तापाचं औषध झटका टाळेलच असं नाही, म्हणून ताप येताच वेगळी गोळी सुरू करायची आणि दोन-तीन दिवस ठरल्या वेळी द्यायची. सगळ्यांनाच ती लागते असं नाही, पण सायलीला दिली.

पुढच्या तापाला घर पाहुण्यांनी भरलेलं. पहिली गोळी मी दिली, दुसरी आईंवर, म्हणजे सासूबाईंवर, सोपवली आणि स्वयंपाकाला लागले. सायली अंगणात दोन पावलं चालली आणि कलंडली. आईंनी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. "दारू पिल्यागत डुलतंय पोर. असलं कसलं औषद?" संध्याकाळी तिसरा झटका आला. त्यानंतर मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

खारघरला नव्या घराच्या खालीच दवाखाना, हाताशी मोबाइलचा अलार्म. तिथल्या पहिल्या तापात नवरा ड्यूटीवर होता. गोळी दिली, आणि सायली भिंत धरूनही उभी राहीना. दुसऱ्या गोळीचा अलार्म वाजला. मी तो बंद केला. सुस्ती येईल, तोल जाईल, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, तरी देववेना. फोन केला तो नागावला.

"दे तू," आई म्हणाल्या. "मांडीवर घे, पडू देऊ नको. मी निगालेच."

दिली. दुपारी एसटीने त्या आल्या आणि ताप उतरेपर्यंत सायलीला धरून बसल्या. झटका आला नाही.

सायली आता सात वर्षांची आहे, गोळ्या कधीच बंद झाल्या. घर कुठलं विचारलं तर मी खारघर सांगते, सवयीने. पण मला विचाराल तर एकीने औषध द्यावं आणि दुसरीने पोर धरावं, एवढं जमलं की ते घर. नागावात ते जमलं नाही. त्याचा दोष आई अजून स्वतःकडे घेतात, आणि मी घेऊ देते.

आई, गोळीने तोल जातो हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगायचं मी विसरले होते.