सरळ केलेला खांब

घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा. अलिबागपासून चौल-रेवदंड्यापर्यंत कुणी जुनं घर नवं करायला काढलं की मला बोलावणं येतं. लोकांना वाटतं, फार निवांत काम आहे. घर काही हलत नाही की डोळे मिटत नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. चौलच्या त्या घरानंतर मात्र कुठेही शिरले की मी आधी वर बघते.

सुपारीच्या वाडीतलं कौलारू घर होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका तिथे एकट्या राहायच्या. मी त्यांना बाईच म्हणायचे. मुलगा पुण्याला नोकरीत. घर नवं करायचं त्याच्या मनात आलं ते आईसाठीच. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून एकच मोठा हॉल करायचा, म्हणजे उजेड येईल, आईला मोकळं वाटेल. तो हे मनापासून बोलत होता, यात शंका नाही. काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो काढायला मी गेले, तेव्हा बाई त्याच भिंतीला पाठ टेकून वाल सोलत बसल्या होत्या.

"या भिंतीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे," त्या म्हणाल्या. "पण तो हौसेनं करतोय तर करू दे."

भिंत गेली. इतकी वर्षं भिंतीवर टेकलेली वरची आडवी तुळई उघडी पडली आणि तिच्याखाली मधोमध एक जुना लाकडी खांब राहिला. पॉलिश केल्यावर तो देखणा दिसायला लागला. हॉल खरंच डोळ्यात भरणारा झाला होता. मी ट्रायपॉड लावून फोटो काढले आणि घरी येऊन संगणकावर बसले. अख्खी खोली मावावी म्हणून आम्ही जी रुंद लेन्स वापरतो, तिच्यात भिंती, दारं, खांब थोडे तिरके येतात. ते नंतर सरळ करायचे. भाजी निवडताना देठ मोडावा इतकं हे हाताला सवयीचं असतं. त्या दिवशी मात्र जमेना. खिडक्या सरळ केल्या की खांब कलायचा, खांब सरळ केला की खिडक्या कलायच्या. मी लेन्सला शिव्या घातल्या, खांब तेवढा वेगळा धरून ओढला आणि सरळ केला. मुलाला तो फोटो इतका आवडला की त्यानं मोठा करून, फ्रेम करून हॉलमध्येच लावला.

दिवाळीनंतर नवा सोफा आला, पडदे आले आणि मला पुन्हा बोलावलं. झोपायच्या खोलीच्या दाराला बाईंनी वरवंटा लावून ठेवला होता. दार हल्ली आपोआप लागतं म्हणाल्या. सोफ्यावर बारीक लाल माती पडलेली होती. मी ती फडक्यानं झटकली आणि सामान लावेपर्यंत आणखी थोडी पडली. तुळईच्या टोकाशी भिंतीवर ताज्या पुट्टीचा पांढरा पट्टा होता. कॉन्ट्रॅक्टर येऊन बुजवून गेला होता म्हणे. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण फोटो काढायचे म्हणून काढले.

घरी आल्यावर राहवेना. मागच्या वेळचा फोटो, सरळ करण्याआधीचा, शोधून काढला आणि नव्यावर ठेवून बघितला. ट्रायपॉड दोन्ही वेळा त्याच लादीवर होता. खिडकी खिडकीवर बसली, लाद्या लाद्यांवर बसल्या. खांब तेवढा दोनदा दिसत होता. लेन्स खोटं बोलत असली तर दोन्ही वेळा एकच खोटं बोलेल. म्हणजे मधल्या काळात खांबाचं डोकं सरकलं होतं आणि त्याच्यावर टेकलेली तुळई त्याच्याबरोबर निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौलला गेले आणि कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घेतलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरची फ्रेम काढून माझ्यापुढे धरली.

"मॅडम, ह्यो तुमचाच फोटो ना? खांब सरळ हाय का न्हाय? जुनं लाकूड हाय, थोडं बसनारच. काय व्हत न्हाय."

मला त्याचा राग आला आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा. तिथूनच मुलाला फोन लावला. तो घाईत होता.

"फोटोत तर व्यवस्थित आहे की, ताई. आईला उगाच घाबरवू नका."

कॉन्ट्रॅक्टर फ्रेम परत खिळ्याला लावून निघून गेला. संध्याकाळ होत आली होती. बाईंनी चहा केला. आजपासून हॉलमध्ये झोपू नका, एवढं तरी ऐका, असं मी त्यांना म्हटलं.

"मी कुठे झोपते हॉलमध्ये? गणपतीपासून स्वयंपाकघरातच अंथरूण घालते. वर कुरकुर चालू असते."

"मग मुलाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? एवढं केलं त्यानं माझ्यासाठी. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो त्याचा. तेवढ्यापुरती सोफ्यावर येऊन बसते. आई हॉलमध्ये बसलेली दिसली की बरं वाटतं त्याला."

सोफा बरोबर तुळईखाली होता.

मी त्यांच्याकडे दोरा मागितला. शिवणाच्या डब्यातलं रीळ आणि कपाटाची चावी त्यांनी आणून दिली. स्टुलावर चढून मी दोऱ्याचं टोक खांबाच्या माथ्याला चिकटवलं आणि चावी खाली सोडली. वर दोरा खांबाला टेकलेला होता. खाली दोन्हींच्या मधून माझा हात सहज गेला. बाईंनी चष्मा लावून ती फट बघितली.

"आयुष्यभर गणित शिकवलं गं मी," त्या म्हणाल्या. "मला दिसतच होतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी अडवायच्या आत त्या पदर नीट करून सोफ्यावर जाऊन बसल्या.

"बाई, तिथे नको."

"थांब गं, तो वाट बघतोय."

मी त्यांच्या हातातून फोन घेऊन कॉल उचलला, चार पावलं मागे गेले आणि कॅमेरा फिरवून त्यांच्याकडे धरला. खांब, दोरा आणि सोफ्यावर बसलेल्या बाई, तिघंही त्यात आले. बाईंनी नेहमीसारखा हात हलवला.

"ताई, तुम्ही आहात होय," मुलगा म्हणाला. "फोन जरा सरळ धरा, सगळं तिरकं दिसतंय."

"सरळच धरलाय. त्या दोऱ्याकडे बघा. त्याला खाली चावी बांधलीय."

त्याचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला. बाई हसऱ्या चेहऱ्यानं फोनकडे बघत होत्या. त्यांच्या खांद्यावर वरून थोडी माती पडली आणि त्यांनी ती न बघताच झटकली.

"आई," तो म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता. "तू आधी तिथून ऊठ."

बाई लगेच उठल्या नाहीत.

"तुला वाईट नाही ना वाटणार?" त्यांनी विचारलं.