व्हेल्डाची हजेरी

रत्ना चोवीस हंगाम वजनकाट्यावर बसली. कॅन्ससमधल्या व्हेल्डा गावात, धान्याच्या उंच पांढऱ्या कोठारांच्या पायथ्याशी काचेची एक छोटी खोली होती, तिथे. गव्हाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, रिकामा होऊन परत आला की पुन्हा लिहायचं. जूनमध्ये दिवसाला दीडशे ट्रक यायचे. ट्रक नजरेला पडायच्या आधी नुसत्या आवाजावरून ती सांगायची, "हा थोरला श्मिट. याच्या गिअरचं काही खरं नाही आता." खिडकीत मिरचीच्या लोणच्याची बरणी असायची. जुने ड्रायव्हर नव्याला भरीस पाडून मोठी फोड खायला लावायचे, आणि रत्ना चेहरा अगदी गंभीर ठेवून पावाचा तुकडा तयार धरून बसायची.

आम्ही दोघी सांगलीच्या एका शाळेतल्या. ती डॉक्टर मनोहरशी लग्न करून पंचाहत्तर साली इकडे आली. मी तोंडाला रंग लावून महाराष्ट्रभर हिंडले आणि म्हातारपणी मुलाकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीला येऊन पडले. गेल्या सप्टेंबरात तिचा फोन आला.

"ए नटवे, ईशान सोमवारी येतोय. मला त्याच्या घरी, शुगर लँडला घेऊन जाणार. सामान भरायला येतेस का?"

"तुझ्या पोराला माणसं मिळत नाहीत का सामान भरायला?"

"मिळतात. पण मला रविवारी हजेरीला सोबत हवी आहे."

म्हणून मी गेले. विचिटाच्या विमानतळावर ती स्वतः घ्यायला आली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अडीच तास गाडी चालवून. मिठी मारली तेव्हा तिची हाडं हाताला लागली. रस्ता इतका सरळ की मला दोनदा डुलकी लागली, आणि जागी झाले तेव्हा दोन्ही वेळा बाहेर तेच कापलेलं शेत होतं.

व्हेल्डा कुठल्याशा रेल्वे इंजिनीअरच्या बायकोचं नाव. रत्ना आली तेव्हा गावात दीडशे माणसं होती, बँक होती, दोन चर्च, आठवीपर्यंत शाळा. आधी शाळा गेली. मग रूळ उखडले. धान्य कंपनीने हायवेवर मोठी कोठारं बांधली आणि इथला काटा बंद झाला. पोस्ट गेलं. चार वर्षांपूर्वी शेजारची विल्मा वृद्धाश्रमात वारली, आणि तेव्हापासून व्हेल्डाची लोकसंख्या म्हणजे रत्ना. दुधाला चाळीस मैल जायचं. रस्त्यावरचे दोन दिवे होते, त्यातला एक काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीने, विझवला.

"एकटी राहिलीस कशी गं?" मी विचारलं.

"राहिले म्हणजे काय, निघायचं राहून गेलं," ती म्हणाली. तिने भांड्यांच्या खोक्यावर चिकटपट्टी ओढली आणि खुर्चीत बसली. दर दोन खोक्यांनंतर ती अशी बसत होती.

हजेरी काय असते ते तिने मला शनिवारी जेवताना सांगितलं. गव्हाचा हंगाम संपला, शेतं मोकळी झाली की सप्टेंबरातल्या एका रविवारी काउंटीतली सगळी माणसं मुख्य गावच्या हॉलमध्ये जमतात. ॲपल पाय आणि कॉफी झाली की काउंटीच्या जुन्या यादीतली गावं एकेक करून पुकारतात. प्रत्येक नाव तीनदा. त्या गावात राहणाऱ्या कुणीही उभं राहून 'हजर' म्हणायचं. कुणीच उठलं नाही तर एका पाडलेल्या शाळेची घंटा एकदा वाजवतात, आणि पुढच्या वर्षीपासून ते नाव यादीच्या मागच्या पानावर. तिथली नावं कुणी पुकारत नाही. एकेकाळी यादीत एकतीस गावं होती, आता पुढच्या पानावर नऊ.

"चार वर्षं मीच उठतेय," रत्ना म्हणाली. "पहिल्या वर्षी सगळे माना वळवून बघत होते. जर्मन आणि स्वीडिश शेतकऱ्यांच्या गावासाठी हजर कोण, तर सांगलीची बाई!"

"उद्या शेवटचं उठशील."

"उद्या उठणार नाही."

मी घास तसाच ठेवला. "अगं, सोमवारपर्यंत राहतेस ना इथे? हक्क आहे तुझा."

"हक्क आहे. पण उद्या 'हजर' म्हटलं तर व्हेल्डा अजून एक वर्ष यादीत राहील. मग पुढच्या वर्षी यादी पुकारणारी लॉइस तीन हाका मारेल, आणि ऐकायला मी नसणार. कुणीच नसणार." ती ताटातल्या भातावर बोट फिरवत होती. "मनोहर गेला तेव्हा मी काट्यावर होते. भर हंगाम. त्याला हेलिकॉप्टरने विचिटाला नेलं, मी गाडीने गेले. दोन तास उशीर झाला. माणूस जाताना घरातलं कुणीतरी जवळ लागतं गं. या गावाच्या बाबतीत तरी मला वेळेवर हजर राहायचंय. गप्प बसायचं आणि घंटा ऐकायची, एवढंच."

मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

हॉलमध्ये सव्वाशे माणसं असतील, बहुतेक आमच्याच वयाची. रत्नाने नेसायला साडी काढली होती, मग पायात येते म्हणून परत ठेवली आणि नेहमीची पँट चढवली. लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. "रॅटना, लोणच्याचं काय आता?" एका सहा फुटी म्हाताऱ्याने विचारलं. "शेवटची बरणी तुझ्याच ट्रकमध्ये ठेवलीय, डेल. मेलास तर मला कळवू नकोस," ती म्हणाली. ती हसली, पण बसताना पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली.

काउंटी ऑफिसातली लॉइस यादी घेऊन उभी राहिली. पाच गावं झाली. कुठे दहा माणसं उठली, कुठे दोन. मग तिने चष्मा सारखा केला.

"व्हेल्डा."

रत्ना मांडीवर हात ठेवून बसली होती. माना वळल्या. लॉइसने आमच्याकडे पाहिलं, थोडी थांबली.

"व्हेल्डा."

आता ती शांतता. नाटकात काम केलेल्या माणसाला ही शांतता माहीत असते. समोरच्याचं वाक्य राहिलंय, प्रेक्षक बघताहेत, आणि कुणीतरी काहीतरी बोललंच पाहिजे. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची राहिलेली वाक्यं सावरली. डोक्याला सगळं ठाऊक होतं, पाय मात्र डोक्याला विचारत नाहीत.

"व्हेल्डा," लॉइस तिसऱ्यांदा म्हणाली, आणि मी उभी होते. "हजर!" म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

हॉलभर टाळ्या झाल्या. डेलने टोपी उडवली. लॉइसने सुटकेचा श्वास टाकला आणि कागदावर खूण करायला पेन टेकवलं.

"खाली बस," रत्ना मराठीत म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "हे तुझं नाटक नाही."

मी बसले. रत्नाकडे बघायचं धाडस होईना. ती आपली चालायची काठी शोधत होती, पण काठी खुर्चीखाली गेली होती. मी काढून दिली. उभं राहायला तिला वेळ लागला. तेवढ्यात टाळ्या थांबल्या.

"लॉइस, खूण करू नकोस," ती इंग्रजीत म्हणाली. "ही माझी मैत्रीण. न्यू जर्सीहून आलीय, तिला राहवलं नाही. व्हेल्डात राहणारी मीच, आणि उद्या मी चाललेय. मी बसून राहिले होते ते ठरवून. गुडघे दुखतात म्हणून नव्हे."

दोघे-तिघे हसले. लॉइस म्हणाली, "रॅटना, एक वर्ष राहू दे ना. काय बिघडतं?"

"मी दमलेय गं," रत्ना म्हणाली. "आणि मी इथे आहे तोवर होऊ दे."

लॉइसने पेन खाली ठेवलं. घंटा वाजवायचं काम तिच्याकडेच असतं. ती दोराकडे निघाली, तर रत्नाने काठीने तिला थांबवलं आणि स्वतः चालू लागली. खुर्च्यांच्या मधून, एकेकाच्या खांद्याला धरत. दोर ओढला. घंटा हललीसुद्धा नाही. पुन्हा ओढला.

मग ती वळली. "ए नटवे, बसलीस काय? ये आता. आत्ता तुझं काम आहे."

आम्ही दोघींनी ओढला. घंटा एकदाच वाजली, जरा बेसूर. रत्ना दोराला धरून, डोळे मिटून, आवाज पूर्ण विरेपर्यंत उभी राहिली. हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. मग लॉइसने पुढचं गाव पुकारलं, आणि मागे चार माणसं उठली.

परतीच्या वाटेवर गाडी तीच चालवत होती. मी दोनदा माफी मागितली.

"पुरे," ती म्हणाली. "आवाज मात्र शाबूत आहे हो तुझा."

घरी पोचल्यावर ती म्हणाली, "तू चहा टाक, मी जरा पडते." मी कप घेऊन गेले तेव्हा ती उघड्या गादीवर तशीच झोपली होती, पायांत बूट घालून. चादरी सगळ्या खोक्यात गेल्या होत्या. मी तिचे बूट काढले, माझी शाल तिच्या अंगावर टाकली, आणि उरलेलं स्वयंपाकघर एकटीनेच भरायला घेतलं.