खंजिरीच्या चकत्या

कलावंत जातो, कला अमर राहते. गेल्या महिन्यात आखाडा बाळापूरला सुभाषदादाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं, तिसऱ्याने दोनदा. मग दादाच्या गायन पार्टीची सीडी लावली आणि माणसं डोळे पुसू लागली. मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर आलो. त्या सीडीत दादाची कला किती उरलीय ते मला ठाऊक होतं... ती मीच कमी केली होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीत बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि पाटीवर मी ठळक रंगवून घेतलं होतं, ‘तुमचं सगळं एका सीडीत’. दादा सोळा कॅसेटी पिशवीत घालून आला. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, नामकरणं; गाणारे बदलत गेले, खंजिरी कायम दादाची. आवाज नीट राहायला दोन सीड्या लागल्या असत्या. पाटीची अब्रू राखायला मी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला मिळणारी जागा, निम्म्यावर आणला. तसं केलं की फाईल लहान होते, पण जागा वाचवताना एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून बसवणारा प्रोग्रॅम, आधी वरचे, बारीक आवाज छाटतो. गळा राहतो, पेटी राहते, ढोलकी राहते. खंजिरीच्या पितळी चकत्या जातात.

दादाने दुकानातच उभ्याने ऐकलं. कान स्पीकरला लावला.

“माही खंजिरी कुठं गेली रे?”

“आहे की, दादा.”

“थाप हाय. चकत्या न्हाईत. मडक्यात वाळू हलवल्यावानी वाजून राहिलं.”

“वय झालं, दादा. कान जातात,” मी म्हणालो. दुकानात चार गिऱ्हाईकं होती.

त्याने कान स्पीकरपासून काढला. “असंल बाबा. मशीन काहून खोटं बोलंल?”

जाताना त्याने कॅसेटींचं विचारलं. आता त्यांचं काम नाही, असं मी ऐटीत सांगितलं. तो कॅसेटींची पिशवी घेऊन गेल्यावर मात्र संगणकात उतरवून घेतलेल्या मूळ रेकॉर्डिंगमधलं एक गाणं दुप्पट बिटरेटवर करून पाहिलं. चकत्या खणखणत होत्या. उद्या सांगू म्हणालो. उद्या गेला, परवा गेला, कॉम्प्युटरवरचं मूळ रेकॉर्डिंगही जागेसाठी पुसलं... मग कळलं, दादाने पार्टीत बसणं सोडलं. ‘कानं गेली, ताल बिघडंल’, असं सांगून.

तेव्हा कुठे मी एसटीने बाळापूरला गेलो. पार्टीत पुन्हा बसायला सांगायचं, सगळं नव्याने करून द्यायचं ठरवलं होतं. दादा शेतात होता. मी आधी कॅसेटी मागितल्या.

“कॅसेटी?” तो हसला. “तूच म्हणला ना, काम न्हाई म्हणून? त्या बघ.”

हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून त्याने सोळाही कॅसेटींच्या फिती या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणल्या होत्या. वाऱ्यावर त्या फरफरत होत्या. मी बोलायचं ते बोललो नाही. चहा पिऊन आलो. दादाने शेवटपर्यंत खंजिरी हातात धरली नाही.

त्या साली पाखरं आली नाहीत. ज्वारी चांगली झाली.