संपादन चालू आहे

वेबसाइट दुरुस्त करणं हे माझं काम, आणि त्यात ‘आपोआप झालं’ हे उत्तर चालत नाही. समोरचा म्हणतो, मॅडम, आम्ही काहीच केलं नाही, साइट आपोआप बंद पडली. पण कुणीतरी काहीतरी केलेलंच असतं. कुठलं तरी अपडेट झालेलं असतं, एखादं नवीन प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलेलं असतं... ते शोधणं हेच माझं काम. त्यामुळे भुताखेतांच्या, गूढ गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. या ग्रुपवरचे तसले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचते. लिहिण्यासारखं माझ्याजवळ एकच आहे, आणि ते घरात बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. माझी शाळा खामगावला, इंग्लिश मीडियमची — मराठी थोडं सांभाळून घ्या.

आम्ही जळगाव जामोदला राहतो. खाली आई-बाबा, वर गच्चीला लागून एक खोली. तिच्या खिडकीतून सातपुड्याची रांग दिसते. पुण्याच्या एका एजन्सीसाठी मी तिथूनच काम करते. खोली आधी निलेशदादाची होती.

दादा माझ्याहून मोठा. त्याला पक्ष्यांचं वेड. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन डोंगराकडे जायचा. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात असाच गेला. बाइक पायथ्याशी, झाडाखाली नीट लावलेली सापडली. तो सापडला नाही. पोलिस, गावकरी, त्याचे मित्र, सगळ्यांनी शोधलं. नंतर शोधणारे कमी होत गेले. कुणी तसं बोललं नाही, फक्त फोन यायचे थांबले.

त्याची एक वेबसाइट होती, आपल्या भागातल्या पक्ष्यांची. प्रत्येक पक्ष्याचा फोटो, खाली दोन-चार ओळी, आणि त्याखाली एक छोटं बटण. ते दाबलं की आईच्या आवाजात त्या पक्ष्याचं आमच्या घरातलं नाव ऐकू यायचं. हे बटणाचं प्लगइन त्याने स्वतः लिहिलं होतं. त्याचं नाव ठेवलं होतं ‘आई बोलते’. आई रोज सकाळी चहा घेताना मोबाइलवर ती साइट उघडायची. स्वतःचाच आवाज ऐकायची आणि फोन बाजूला ठेवायची. हे ती कुणासमोर करत नसे, पण मला माहीत होतं.

यंदा उन्हाळ्यात एके सकाळी साइट उघडलीच नाही. पांढरं पान आणि त्यावर ‘गंभीर त्रुटी’ एवढंच. आईने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, करते. पण एजन्सीचं काम होतं आणि दादाच्या साइटला हात लावायचं मला जमत नव्हतं, खरं सांगायचं तर. दिवस गेले.

त्याच आठवड्यात अकोल्याहून काका आले. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून सगळे विधी करतात, हे मला तेव्हा कळलं. एरवी त्यासाठी बरीच वर्षं थांबतात म्हणे, पण लवकर करून देणारे गुरुजी काकांनी शोधले होते. त्याचा जीव अडकून पडलाय, वहिनी, मोकळा करा, असं ते सारखं म्हणत होते. आईने आधी दोनदा हे उडवून लावलं होतं. या वेळी ती गहू निवडत बसली होती. वर न पाहता म्हणाली, “तुम्ही म्हणान तसं. त्याचं तेही बंद पडलं आता.”

‘तेही’ म्हणजे काय ते फक्त मला समजलं. मी तशीच वर गेले आणि लॅपटॉप उघडला.

दुपार होती. आमच्या कामात पद्धत साधी आहे. सगळी प्लगइन बंद करायची, मग एकेक चालू करत जायचं. ज्याच्यावर साइट पडते, ते दोषी. ट्रबलशूटिंग मोड नावाची एक सोय असते. त्यात ही बंद-चालू फक्त लॉगिन केलेल्या माणसाला दिसते, बाहेरच्यांसाठी काही बदलत नाही. दादाने मला पूर्वीच स्वतंत्र लॉगिन करून दिलं होतं. मी त्या मोडमध्ये गेले आणि सगळं बंद केलं. साइट उघडली... उघडीबोडकी, पण उघडली.

लिहायचं पान नीट चालतं का, तेही तपासावं लागतं. म्हणून दादाच्या अर्धवट लेखांतला एक उघडायला गेले. लेखाचं नाव ‘होला’. कवड्याला, म्हणजे कबुतरासारख्या त्या लहान पक्ष्याला, आई होला म्हणते. नावाखाली काहीच लिहिलेलं नव्हतं; दादा हरवला तेव्हा साइट चाळताना मी ते पाहिलेलं होतं.

पान उघडलं नाही. मध्ये एक चौकट आली. दादाने सगळं मराठीत ठेवलं होतं, त्यामुळे चौकटही मराठीत —

‘निलेश सध्या हा लेख संपादित करत आहेत.’

बाजूला त्याचा छोटा गोल फोटो. खाली तीन बटणं: मागे जा, पूर्वदृश्य, ताबा घ्या.

ही चौकट मी कामात नेहमी पाहते. दोघांनी एकच लेख एका वेळी उघडला की ती येते. दुसऱ्याने पान बंद केलं की काही मिनिटांत जाते. म्हणजे कुणीतरी आत्ता, या क्षणी, दादाच्या नावाने तो लेख उघडून बसलेलं असायला हवं होतं. त्याचा लॅपटॉप माझ्या मागच्या कपाटात होता, बॅटरी कधीच संपलेली. पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. मी दुसऱ्या टॅबमध्ये त्याच्या खात्याची नोंद पाहिली. त्यात कुठूनही लॉगिन नव्हतं. चौकट मात्र तशीच होती.

सांगावं की नाही... मग जिन्यातून आईला हाक मारली, फक्त आईला.

तिने चष्मा लावून हळूहळू वाचलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “ताबा घ्या म्हन्जे?”

“म्हणजे त्याला बाहेर काढायचं आणि मी आत जायचं.”

“नको. लिहू दे त्याले.”

ती पलंगाच्या कडेवर बसली, पाहुण्यांकडे बसतात तशी. मी पूर्वदृश्य दाबलं, त्यात आत न शिरता लेख नुसता दिसतो. आधी रिकाम्या असलेल्या लेखात एक ओळ होती:

‘होला बोलला की आई म्हणते’

पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही.

मी आईकडे पाहिलं. “काय म्हणतेस तू?”

ती आठवू लागली. ओठ हलत होते. शेवटी म्हणाली, “मी काय म्हणतो वं? मले तं काईच आठोत नाही.”

तेवढ्यात लाइट गेली. दुपारी जातेच आमच्याकडे. लॅपटॉप चालू राहिला, इंटरनेट गेलं. लाइट आल्यावर मी पान पुन्हा उघडलं तेव्हा चौकट नव्हती. लेख सरळ उघडला, नावाखाली रिकामा. जुन्या आवृत्त्या, डेटाबेस, सगळं पाहिलं. ती ओळ कधी लिहिलीच गेली नव्हती.

आई खाली जाऊन काकांना म्हणाली, विधी करायचा नाही. काकांनी कारण विचारलं.

“तो लिहून राह्यला,” आई म्हणाली.

काकांनी जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “काय दाखोलं वं तू तिले?” मी तशीच वर निघून गेले. मला मोठ्यांसमोर तसंही बोलता येत नाही. तुम्ही विचाराल, स्क्रीनशॉट घेतला का? नाही घेतला. दिवसभर लोकांना ‘स्क्रीनशॉट पाठवा’ म्हणणारी मी, मला ते सुचलंच नाही.

काका संध्याकाळच्या बसने गेले. बाबा त्यांना सोडून आले, अंगणात चप्पल काढता काढता माझ्याशी बोलले. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, “संपत आलतं तिचं. तू पुन्हा सुरू केलं, बाई.”

दोष कुठे होता तेही नंतर सापडलं. एकेक प्लगइन चालू करत गेले, आणि शेवटच्यावर साइट पडली. ‘आई बोलते’. सर्व्हर नवीन झाला होता, दादाचं प्लगइन जुनं राहिलं होतं, आणि आता ते आतल्या कशाशीच जुळत नव्हतं. त्याला अपडेट देणारा एकच माणूस होता. मी त्याच्या कोडमध्ये शिरून पाहिलं. माझ्या आवाक्यातलं नाही. ते काढून टाकलं तर साइट लगेच उभी राहील, पण आईचा आवाज जाईल. मी काढलं नाही. बाहेरच्यांना आजही तिथे ‘गंभीर त्रुटी’च दिसते.

कुणी म्हणेल की डेटाबेसमध्ये एखादी जुनी नोंद अडकली असेल. असेल. पण त्या ओळीचं काय, आणि ती आम्ही दोघींनी वाचली त्याचं काय? मी शोधायचं थांबवलंय. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ते माझ्या कामात दुरुस्तही करता येत नाही.

आई आता मोबाइल उघडत नाही. सकाळी चहा घेऊन वर येते आणि दारातून विचारते, “आहे का?” मी त्या मोडमध्ये जाते, ‘होला’वर क्लिक करते. पान सरळ उघडतं. मी ‘नाही’ अशी मान हलवते. ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहते.

पाण्याच्या टाकीवर होला येऊन बसतो. रोज बोलतो. आई ओठ हलवते, थांबते, आणि काहीच म्हणत नाही.