चौथीच्या वर्गातलं पाठ केलेलं आश्चर्य

चौथीच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे 'तोफ' म्हणायची. मुख्याध्यापकांचं नाव 'होहोसर', कारण समोर कोणीही असलं तरी त्यांचं उत्तर हो-हो.

विद्यापीठाशी करार झाला तेव्हाही ते हो-होच म्हणाले होते. तेव्हापासून होणारे शिक्षक सरावपाठाला यायचे ते तोफेच्या वर्गात, आणि जो तो एकच पाठ घ्यायचा : बी कसं रुजतं. त्याला गुण हमखास मिळत. पोरं इतकी तयार झाली होती, की ओल्या कापसातला कोंब दिसला रे दिसला की अख्खा वर्ग एका सुरात "अय्याऽ" करायचा. मागच्या बाकावरचा एक जण तर डोळे असे विस्फारायचा, की नवख्या शिक्षकाला भरून यायचं. हे सगळं चालायचं गणिताच्या तासाला. पोरं भागाकाराशिवायच पाचवीत जायची आणि तिथले मास्तर बाईंच्या नावानं बोटं मोडायचे.

या खेपेला आलेल्या मुलीनं वर्गाला आधी विचारलं, तुम्हाला काय येत नाही? पोरांनी खरं ते सांगितलं : भागाकार. बाई तिला म्हणाल्या, मग तेच शिकव. मुलीचा चेहरा उतरला, कारण नोकरी या गुणांवरच मिळायची होती. पण ती तयार झाली.

परीक्षेच्या दिवशी गुण द्यायला आलेले विद्यापीठाचे प्राध्यापक होहोसरांशेजारी बसले. मुलीनं फळ्यावर भागाकार मांडला आणि वर्ग चिडीचूप. पुढच्या बाकावरच्या पोरीनं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा चुकवलं. मुलगी तिच्याजवळ उकिडवी बसली.

प्राध्यापक दर वाक्याआधी घसा साफ करायचे. तो साफ करून म्हणाले, "ढोबळमानानं बघता, वर्ग थंड आहे. तो बियांचा पाठ घेता येईल का?"

"हो, हो," म्हणत होहोसर कापूस आणायला उठलेसुद्धा.

"बसा, सर," मागून तोफ कडाडली. "थंड नाहीयेत ती, विचार करतायत. तुमचं विद्यापीठ इतकी वर्षं माझ्या पोरांकडून आश्चर्य करून घेतंय. त्यांना शिकवणार कधी?"

"बाई, हा प्रशिक्षणाचा भाग आहे."

"मग होऊ द्या ना तिचं प्रशिक्षण. ज्याला येत नाही त्याला कसं शिकवायचं, ते तुमच्या सभागृहात शिकणार आहे का ती?"

होहोसरांनी कराराची आठवण करून दिली. त्या करारात पोरांचं नाव कुठं आहे ते दाखवा, असं बाईंनी विचारल्यावर पहिल्यांदाच त्यांना हो म्हणता येईना.

प्राध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. मुलीनं ते पाहिलं आणि ती पुन्हा त्या पोरीच्या वहीकडे वळली. "सोळातले तिघांना वाटून उरले किती? बोटांवर मोज, मला घाई नाही."

पाठ असमाधानकारक ठरला, पुन्हा द्यायचा असा शेरा आला. मुलगी डोळे पुसत विचारायला आली, की आता काय करू.

"माझ्याच वर्गात दे," बाई अजून धुमसत होत्या. "सात जणांना भागाकार अजून जमलेला नाही. आणि या वेळी मी त्या साहेबांना त्या सातांच्या मधोमध बसवणार आहे."